नवी डिस्क, नवी कांदाचाळ

जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कांदा पिकवणं जितकं अवघड, तितकाच तो साठवणंही अवघड! उन्हाळी कांदा निघाला आणि जुनी चाळ भरलेली असली, की नवी उभी करावी लागते. पण चाळ नुसती उभी करून भागतं का? तिच्यात कप्पे हवेत, खालून वारा खेळायला हवा, कुठल्या कप्प्यात कुठला माल आहे हे ठाऊक हवं आणि मुख्य म्हणजे गाडी चाळीपर्यंत पोचायला वाट हवी. वाटच नसली तर चाळ रिकामी राहणार आणि कांदा बाहेर भिजणार.

संगणकात नवी हार्ड डिस्क बसवणं हे अगदी असंच काम आहे. विशेषतः त्या संगणकावर लिनक्स असेल, तर चाळीचं उदाहरण पायरी-पायरीला लागू पडतं. लिनक्स म्हणजे कुणालाही मोफत घेता येणारी, आतून उघडून पाहता येणारी आणि बदलताही येणारी संगणक प्रणाली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तिची सुरुवात केली. आज ती जगभरच्या मोठमोठ्या संगणकांवर चालते. आणि जुन्नर तालुक्यातही, बरं का!

खोडदच्या थाळ्या आणि डिस्कची भूक

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव आहे. तिथून पूर्वेला खोडदकडे निघालं, की शेतांच्या मधोमध आभाळाकडे तोंड केलेल्या जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. थाळ्या एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, तर उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. दोन टोकांच्या थाळ्यांमध्ये २५ किलोमीटरपर्यंत अंतर पडतं.

या थाळ्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. त्या लहरींचे आकडे बनतात आणि आकडे संगणकाकडे जातात. २०१० साली इथल्या शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाजारात मिळणारे भाग वापरून त्यांनी लिनक्सवर चालणाऱ्या ४८ संगणकांचा संच जोडला होता आणि ३३ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यातल्या लहरींवर तो जागच्या जागी काम करत होता.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. ३३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा नीट पकडायचा, तर त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे सेकंदाला ६.६ कोटी वेळा मोजमाप घ्यावं लागतं. एका थाळीतून दोन संकेत येतात, म्हणून ३० थाळ्यांचे झाले ६०. ६० गुणिले ६.६ कोटी म्हणजे ३९६ कोटी. दर सेकंदाला ३९६ कोटी आकडे! एका आकड्याला एक बाईट जागा धरली, तर एक टेराबाईटची, म्हणजे एक लाख कोटी बाईटची डिस्क जेमतेम सव्वाचार मिनिटांत गच्च भरेल.

मग एवढं सगळं ठेवायचं कुठे? सहसा सगळं ठेवतच नाहीत. संगणक दोन-दोन थाळ्यांच्या जोड्या लावतात (३० थाळ्यांच्या जोड्या होतात ४३५), त्यांचे संकेत ताडून बघतात, त्यांची सरासरी काढतात आणि तेवढाच अर्क डिस्कवर उतरवतात. शेतातला पालापाचोळा काढून निवडलेला कांदाच चाळीत भरतात ना, तसं.

पण जे ठेवलं ते मात्र जिवापाड जपतात. का? कारण कालचं आकाश पुन्हा मागता येत नाही. त्याचं एक छान उदाहरण आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची मोठी पाहणी केली. ती माहिती साठ्यात जपून ठेवलेली होती. पुढे शास्त्रज्ञांनी हिशोबाची नवी, जास्त चांगली पद्धत वापरून तीच माहिती पुन्हा चाळली आणि २०१७ साली ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे आली. एकूण आकाशाचा ९० टक्के भाग तिच्यात आला. दुर्बीण पुन्हा न फिरवता जुन्या साठ्यातून एवढं निघालं! कुणी मधेच जागा कमी पडते म्हणून तो साठा पुसला असता तर?

आपल्या शाळेतला साठा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आल्यात थाळ्या? थांबा. समजा, घोडेगावच्या किंवा ओतूरच्या एखाद्या शाळेतल्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि संगणकावर साठवल्या. ध्वनिफिती झाल्या, फोटो झाले, व्हिडिओ झाले. एके दिवशी संगणक सांगतो, ‘जागा संपली.’ आता काही पुसायचं का? त्यातल्या एखाद्या आजी आज हयात नसतील. खोडदच्या आकाशासारखाच हाही साठा पुन्हा मिळणार नाही. तेव्हा नवी डिस्क आणायची आणि नीट बसवायची. सर किंवा बाई शेजारी असू द्या आणि चला.

पहिली पायरी, जोडणी. संगणक बंद करा, प्लगही काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. डिस्क कडांना धरा आणि आपटू देऊ नका. तिच्या पोटात चकत्या असतात, त्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. डिस्कला दोन केबल लागतात. एक माहितीची, मदरबोर्डकडे जाणारी, आणि दुसरी विजेची. दोन्हींची तोंडं अशी घडवलेली असतात की ती एकाच बाजूनं बसतात. म्हणून जोर लावू नका. स्क्रू आवळले की स्क्रू ड्रायव्हरचं काम संपलं.

दुसरी पायरी, ओळख. संगणक सुरू करा आणि टर्मिनलमध्ये ‘एल-एस-बी-एल-के’ ही पाच छोटी रोमन अक्षरं टाईप करा. सगळ्या डिस्कची यादी येते. जुनी डिस्क बहुधा ‘एस-डी-ए’ नावानं दिसते आणि तिच्याखाली तिचे कप्पे असतात. नवी ‘एस-डी-बी’ एकटीच उभी असते, कप्पे नसलेली. १ टेराबाईटची डिस्क इथे ९३१ दिसेल. दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका! डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाईट धरतात. ही यादी मात्र १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असा हिशोब करते. माल तेवढाच, माप वेगळं.

तिसरी पायरी, कप्पा. नव्या डिस्कवर कप्पा, म्हणजे पार्टिशन पाडायचं. ‘जी-पार्टेड’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये हे चित्र पाहून करता येतं. आपल्याला एकच मोठा कप्पा पुरे. त्याला नाव मिळेल ‘एस-डी-बी-१’.

चौथी पायरी, फॉरमॅट. कप्प्यात माल कसा रचायचा आणि त्याची नोंदवही कुठे ठेवायची, हे इथे ठरतं. लिनक्समध्ये ‘ई-एक्स-टी-४’ ही पद्धत जास्त चालते. तिचा एक गुण आपल्या भागात फार उपयोगी आहे. मोठी नोंद करण्याआधी ती एका कच्च्या वहीत टिपून ठेवते. मधेच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना कच्ची वही बघून हिशोब जुळवते. अर्थात त्या क्षणी लिहिली जात असलेली फाईल अर्धवट राहू शकते, पण सगळ्या साठ्याचा घोटाळा होत नाही.

इथे मात्र एक मिनिट थांबा. फॉरमॅटची आज्ञा देण्याआधी डिस्कचं नाव आणि आकार शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवा. ‘बी’च्या जागी ‘ए’ पडला, तर ओव्यांसकट सगळं जाईल. खरं तर जुन्या साठ्याची एक प्रत आधीच बाहेरच्या डिस्कवर काढून मगच कॅबिनेटला हात लावावा.

वाट जोडायची कशी?

आता खरी गंमत. विंडोजमध्ये नवी डिस्क आली की तिला ‘डी’ किंवा ‘ई’ असं अक्षर मिळतं. प्रत्येक डिस्कचं घर वेगळं. लिनक्समध्ये सगळा संगणक म्हणजे एकच वाडा. त्याचा दिंडीदरवाजा एका तिरक्या रेघेनं दाखवतात आणि त्याला रूट म्हणतात. नवी डिस्क या वाड्यातल्या कुठल्या तरी फोल्डरला जोडावी लागते. ह्या जोडण्याला ‘माउंट’ करणं म्हणतात. आपण ‘साठा’ नावाचा रिकामा फोल्डर करू आणि ‘एस-डी-बी-१’ त्यावर माउंट करू. झालं! त्या फोल्डरात टाकलेली प्रत्येक गोष्ट आता नव्या डिस्कवर जाईल.

फोल्डर रिकामाच का हवा? त्यात आधीच काही असलं, तर माउंट केल्यावर ते दिसेनासं होतं. घाबरू नका, पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं. डिस्क काढली की पुन्हा दिसतं.

पण संगणक बंद करून सुरू केला, की ही वाट मोडते! कायमची हवी असेल तर ‘एफ-एस-टॅब’ नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची. शेतावरच्या गड्याला ‘रोज सकाळी हे फाटक उघडायचं’ असं सांगून ठेवावं, तशी ती ओळ. तिथे ‘एस-डी-बी-१’ असं लिहू नका. ती नावं वर्गातल्या बाकांसारखी असतात. केबल बदलली किंवा आणखी एक डिस्क आली, की कोण कुठल्या बाकावर बसेल याचा नेम नाही. त्याऐवजी कप्प्याचा कायमचा क्रमांक लिहा. त्याला ‘यू-यू-आय-डी’ म्हणतात आणि तो ‘बी-एल-के-आय-डी’ या आज्ञेनं कळतो. हजेरीपटावरचा क्रमांकच जणू, बाक बदलला तरी तोच. त्याच ओळीत ‘नोफेल’ हा शब्दही घाला. म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही, तरी संगणक सुरू व्हायचा अडून बसणार नाही.

ओळ लिहून झाली की लगेच बंद करू नका. ‘माउंट’ लिहून, जागा सोडून, ‘वजा ए’ अशी आज्ञा द्या. ओळीत चूक असेल तर ती इथेच कळते. मग ‘डी-एफ’ ही आज्ञा देऊन यादीत ‘साठा’ दिसतो का ते बघा. हे फार महत्त्वाचं. वाट जोडली गेली नसेल आणि तुम्ही फायली ‘साठा’त ओतत राहिलात, तर त्या गुपचूप जुन्याच डिस्कवर साठत जातील. नवी चाळ रिकामी आणि जुनी फुटायला आलेली!

एक असली तर शून्य समजा

आता ओव्या नव्या डिस्कवर उतरवा. फायलींची संख्या मोजा, आकार ताडा, दोन-चार ओव्या लावून ऐका. सगळं नीट आहे अशी खात्री झाल्याशिवाय जुन्या डिस्कवरचं काहीही पुसू नका.

आणि जुन्यावरून नव्यावर हलवलं म्हणजे सुरक्षित झालं, असंही मानू नका. प्रत तर एकच राहिली ना? नवी डिस्कही बिघडू शकते. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क वेगळ्या इमारतीत ठेवलेली उत्तम. एकाच कॅबिनेटमध्ये दोन्ही प्रती असल्या आणि वीज कडाडली, तर दोन्ही एकदमच जातील. सगळा कांदा एकाच चाळीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याला पावसाळ्यात झोप लागते का, विचारा!

करून पाहा

१) शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा द्या. ती नुसती यादी दाखवते, काही बिघडवत नाही. आता पेनड्राइव्ह लावा आणि पुन्हा द्या. काय वाढलं? तो कुठल्या फोल्डरला जोडला गेलाय, तेही शोधा.

२) जीएमआरटीचा पट्टा पुढे ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंद झाला. वरच्याच हिशोबानं ४ टेराबाईटची डिस्क किती वेळात भरेल? उत्तर दीड मिनिटाच्या आत आलं, तर तुमचं गणित बरोबर!

३) घरच्या फोनमध्ये आजी-आजोबांचा आवाज कुठे आहे का ते शोधा. नसेल तर आजच टिपून घ्या. आणि हो, लगेच त्याची दुसरी प्रतही काढा.