सोलापूरचा पूर: पाणी येण्याआधीचं काम नेमकं कोणाचं?

सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. पुण्याहून सोलापूरला निघालेली वाहनं मोहोळच्या पुढे अडकून पडली. लांबोटीजवळ सीना नदीचं पाणी इतकं वाढलं होतं की महामार्ग बंद करावा लागला. दुसरीकडे सोलापूर-विजयपूर रस्ताही हत्तूरजवळ सीनेनंच अडवला. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांमध्ये पाणी शिरलं. लोकांना बाहेर काढायला एनडीआरएफची पथकं आली. २४ सप्टेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस माढा तालुक्यात पाहणीसाठी येऊन गेले. ७ ऑक्टोबरला सरकारनं राज्यभरातल्या अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं.

बोटी, पंचनामे, दौरे, पॅकेज. पूर आल्यानंतर कोण काय करतं, हे सगळ्यांना दिसतं. पण पूर येऊ नये, किंवा आलाच तर नुकसान कमी व्हावं, यासाठी आधी काय करायचं असतं? आणि ते कोणी करायचं असतं? महापालिकेनं, जिल्हा परिषदेनं, ग्रामपंचायतीनं, जिल्हाधिकाऱ्यांनी की जलसंपदा विभागानं?

कायद्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. अडचण अशी की ते एका ठिकाणी नाही.

टँकरच्या जिल्ह्यात पूर कसा?

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. उन्हाळ्यात टँकर, चारा छावण्या आणि उजनीच्या आवर्तनाची वाट पाहणं, हे इथल्या लोकांना नवं नाही. सीना तर अशी नदी की तिच्यात पाणी यावं म्हणून भीमा-सीना जोड बोगद्यातून उजनीचं पाणी सोडावं लागतं.

त्यामुळे नदी कोरडी असणं हेच नेहमीचं, असा समज रुजतो. मग कोरड्या पात्राच्या कडेला शेड उभी राहते, नाल्यात भराव पडतो, ओढ्यावर रस्ता जातो आणि त्याखाली जेमतेम एक पाइप टाकला जातो. वर्षानुवर्षं पाणी येत नाही, म्हणून कोणाची तक्रारही येत नाही. पाणी मात्र आपली वाट विसरत नाही.

२०२५ चा पूर हा काही पहिलाच नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्येही अतिवृष्टीनं जिल्ह्याला तडाखा दिला होता. तेव्हा पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. म्हणजे अवघ्या पाच वर्षांत दोनदा मोठं संकट आलं.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार पाणी, सिंचन, जलनिःसारण आणि बांध-बंधारे हे राज्याचे विषय आहेत. त्यामुळे मोठ्या नद्या आणि धरणांची जबाबदारी राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाकडे येते.

७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी १८ विषयांची यादी दिली. त्यात 'पूर' हा शब्द कुठेच नाही. पण नगररचना, जमिनीचा वापर, बांधकामांचं नियमन, स्वच्छता आणि घनकचरा हे विषय आहेत. शहरात पाणी तुंबण्याची निम्मी कारणं याच विषयांत सापडतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ आणखी स्पष्ट आहे. या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. गटारं आणि जलनिःसारणाची कामं बांधणं, त्यांची देखभाल करणं आणि ती साफ ठेवणं, हे त्यातलंच एक कर्तव्य. इच्छा झाली तर करायची ही कामं नव्हेत. अशा ऐच्छिक कामांची यादी कलम ६६ मध्ये वेगळी आहे.

तिसरा कायदा म्हणजे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा तयार करणं आणि दरवर्षी त्याचा आढावा घेणं बंधनकारक आहे. याच कायद्याचं कलम ४१ स्थानिक संस्थांना उद्देशून आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनसामग्री कायम वापरण्याजोगी ठेवणं, आपल्या हद्दीतली बांधकामं आपत्ती टाळण्याच्या निकषांप्रमाणे होत आहेत ना हे पाहणं, ही कामं त्यात येतात.

थोडक्यात, पाऊस थांबल्यावर गाळ उपसणं एवढंच महापालिकेचं काम नाही. बांधकामाला परवानगी देताना पाण्याची वाट तपासणं, हेही तिचंच काम आहे.

एकाच पाण्याचे अनेक मालक

कागदावरची ही वाटणी प्रत्यक्षात कशी दिसते, हे सोलापूरच्याच आदिला नदीवरून समजून घेता येतं.

शहराच्या उत्तरेला एकरुख तलाव आहे. लोक त्याला हिप्परगा तलाव म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात तो आदिला नदीवर बांधला गेला. तलाव भरला की सांडव्यावरून निघालेलं पाणी आदिलेतून शहराच्या बाजूनं पुढे सीनेकडे जातं. त्याच वेळी शहरात जोराचा पाऊस झाला, तर रस्त्यांवरचं पाणीही नाल्यांमधून तिकडेच धावतं.

आता या पाण्यासोबत चालत जाऊन पाहा. तलाव जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत. नदी-नाल्यांची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार राज्य सरकारची, त्यामुळे तिच्यावरच्या अतिक्रमणाचा विषय महसूल विभागाचाही. शहराच्या हद्दीतले नाले आणि गटारं साफ ठेवणं महापालिकेचं काम. काठावरच्या इमारतीला परवानगी नगररचना विभागाची. वाटेत राष्ट्रीय महामार्गाचा पूल आला तर तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, राज्य महामार्गाचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. शहराबाहेर गेलं की ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद.

पाणी एकच, पण फाइली पाच-सहा. यातल्या एकानं काम केलं आणि पुढच्यानं केलं नाही, तर पहिल्याचं कामही वाया जातं. महापालिकेनं नाला रुंद केला आणि पुढे पुलाची मोरी अरुंदच राहिली, तर पाणी फक्त तुंबण्याची जागा बदलतं.

निळी रेषा, लाल रेषा

पूर थोपवणं नेहमीच शक्य नसतं. पण पुराच्या जागी माणसं राहायला जाणार नाहीत, एवढं नक्की पाहता येतं. त्यासाठी पूररेषा आखतात.

निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी दाखवते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो, तिथे इमारती बांधायच्या नसतात. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी घालून बांधकाम करता येतं.

रेषा आखून देतो जलसंपदा विभाग. ती विकास आराखड्यात दाखवायची आणि परवानगी देताना पाळायची ती नियोजन प्राधिकरणानं, म्हणजे शहरात महापालिकेनं. सोलापूरलाही लागू असलेल्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आणखी एक अट आहे. नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून सर्वसाधारणपणे ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर जागा मोकळी सोडायची.

यात एक पळवाट राहते. आखणी झालीच नाही तर पाळायची कोणती रेषा? नकाशात नाला दिसतच नसेल तर ९ मीटर मोजायचे कुठून? म्हणून ओढे आणि नाले नकाशावर नीट असणं, हीच पूर रोखण्याची पहिली पायरी ठरते. २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं शहरी पुराबाबत स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही पावसाळी गटारांची नोंद आणि पावसाळ्याआधीच्या सफाईवर भर आहे.

गावात कोणी काय करायचं?

गावातल्या लोकांना पुराशी जोडलेलं एकच सरकारी काम जवळून दिसतं, ते म्हणजे पंचनामा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, ग्रामपंचायतीचे आणि कृषी खात्याचे कर्मचारी मिळून तो करतात.

त्याआधीचं काम मात्र बरंच आहे. गावातली गटारं आणि ओढ्याकडे जाणारे चर मोकळे ठेवणं, गावठाणातली अतिक्रमणं रोखणं, पाणी वाढू लागल्यावर दवंडी किंवा भोंग्यावरून सूचना देणं, लोकांना हलवायची जागा आधीच ठरवून ठेवणं, हे ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेल्या पाझर तलावांची आणि लहान बंधाऱ्यांची देखभाल जिल्हा परिषदेकडे येते. गावाच्या वर फुटलेला एक पाझर तलावही खालची शेतं खरवडून नेऊ शकतो.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढणं हेही असंच बिनगाजावाजाचं काम. बर्गे वेळेत निघाले नाहीत तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालतं आणि काठाची शेती कापत जातं.

पण ग्रामपंचायतीच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. सीना-कोळेगावसारखे प्रकल्प आहेत धाराशिवच्या सीमेवर. तिथून सुटलेलं पाणी माढा-मोहोळला येतं आणि पुढे हत्तरसंग कुडलला भीमेत मिसळतं. किती पाणी सोडायचं, हे गाव ठरवत नाही. पाणी कधी पोहोचेल, हे मात्र गावाला वेळेत समजायलाच हवं. जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून तो निरोप पोहोचवणं ही जलसंपदा विभागाची आणि जिल्हा प्रशासनांची जबाबदारी आहे.

पैसे नाहीत, हे उत्तर चालतं का?

नालेसफाई, मोऱ्या, पावसाळी गटारं हे सगळं खर्चिक आहे, आणि सोलापूर महापालिका काही श्रीमंत महापालिका नाही. पण 'निधी नाही' या उत्तरावर सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच निकाल दिला आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात उघडी गटारं आणि घाणीविरोधात रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिकेनं पैसे नसल्याचं कारण दिलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठानं ते मान्य केलं नाही. कायद्यानं दिलेलं कर्तव्य पैशांच्या सबबीवर टाळता येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

दुसरी बाब निधीची. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी केली. त्यातले ८० टक्के मदत आणि पुनर्वसनाच्या कामांसाठी, तर २० टक्के आपत्तीची तीव्रता आधीच कमी करण्यासाठी. म्हणजे पूर येण्याआधी खर्च करायला सरकारी तिजोरीत स्वतंत्र कप्पा आहे. पण त्यातून पैसा मिळवायचा तर तयार प्रस्ताव लागतो, आणि प्रस्तावासाठी नाल्यांची मोजमापं आणि नकाशे लागतात.

जाब विचारायचा कोणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये पूर आला तेव्हा सोलापूर महापालिका आणि जिल्हा परिषद, दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर निवडणुका झाल्याच नव्हत्या. नाला तुंबला तर ज्याच्या दारात जायचं, तो नगरसेवकच नव्हता. जिल्हा आपत्ती प्राधिकरणात स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला सहअध्यक्षपद असतं. जिल्हा परिषदेला अध्यक्षच नसल्यानं त्या जागेवर बसायलाही कोणी नव्हतं.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या इतर महापालिकांसोबत सोलापूरचीही निवडणूक झाली. आता सभागृह आहे, प्रभागात नगरसेवक आहेत. त्यातच आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आहे. त्यानुसार राज्य सरकार महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करू शकतं. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी असतील. पाच-सहा फाइली एका टेबलावर आणायची ही संधी आहे, पण त्यासाठी राज्य सरकारनं तसा निर्णय घ्यायला हवा.

तोपर्यंत नागरिकांना काही साधे प्रश्न विचारता येतात. ग्रामसभेत, नगरसेवकाकडे किंवा माहिती अधिकाराच्या अर्जातून.

- आपल्या भागातला नाला विकास आराखड्यात आहे का? त्याची रुंदी किती नोंदवली आहे?
- नदीची निळी आणि लाल रेषा आखली आहे का? तो नकाशा कुठे पाहायला मिळेल?
- नालेसफाई कोणत्या तारखेला झाली? काढलेला गाळ काठावरच टाकला की दुसरीकडे नेला?
- वरच्या धरणातून पाणी सोडलं तर गावाला निरोप कोण देणार?
- पाणी आलं तर लोकांनी कुठे जायचं, हे ठरलं आहे का?

या प्रश्नांची उत्तरं एप्रिल-मे महिन्यात मिळाली तर उपयोगाची. सप्टेंबरमध्ये मिळाली, तर ती पंचनाम्यातच लिहावी लागतात.