पंधरा मायक्रोसेकंद आणि पाऊण सेकंद

गेल्या महिन्यात एका तापमान-नोंदणी यंत्राचा ड्रायव्हर माझ्याकडे तपासायला आला. दर मिनिटाला पडदा क्षणभर गोठतो आणि तेवढ्यात दाबलेलं बटण लागत नाही, अशी तक्रार होती. कारण एका ओळीत सापडलं : एमडिले(750). डीएस18बी20 सेन्सरला 12 बिटांचं तापमान मोजायला 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. डेटाशीटमधला तो आकडा लिहिणाऱ्याने इमानाने उतरवला होता. पण तेवढा पाऊण सेकंद यंत्रातला एकुलता एक प्रोसेसर लूपमध्ये नुसता फिरत राहायचा. 1 गिगाहर्ट्‌झच्या चिपवर ही 75 कोटी क्लॉक सायकल झाली. तिथे एमस्लीप घातलं आणि पडदा सुरळीत चालू लागला.

पण म्हणून सरसकट स्लीपच वापरावं, असं नाही. याच सेन्सरकडून एक बिट वाचताना लिनक्सचा वन-वायर कोड काय करतो, ते बघण्यासारखं आहे. आधी इंटरप्ट बंद. मग लाइन खाली ओढून 6 मायक्रोसेकंद थांबायचं, सोडून आणखी 9 थांबायचं आणि लगेच वाचायचं. सेन्सरचं उत्तर भरवशाचं असतं ते या 15 मायक्रोसेकंदांपुरतंच. इथे झोपायची सोयच नाही : इंटरप्ट बंद असताना शेड्यूलरकडे जाता येत नाही, आणि जाता आलं असतं तरी परत येईपर्यंत बिट हातचं गेलं असतं. त्यानंतर 55 मायक्रोसेकंदांची आणखी एक थांबण्याची ओळ आहे, पण तिच्याआधी इंटरप्ट पुन्हा चालू केलेले आहेत. बिट हाती आलंय, आता मध्येच कुणी आलं आणि थोडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. कुठला वेळ ताणता येतो आणि कुठला नाही, याचा इतका नेमका विचार मला फार मोलाचा वाटतो.

साधारण 10 मायक्रोसेकंदांपर्यंत यूडिले, 20 मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप-रेंज, त्यापुढे एमस्लीप, ही वाटणी आपल्याला पाठ असते. 2020 मध्ये 5.8 कर्नलात आलेलं एफस्लीप अशी वाटणी आपणहून करतं. मात्र तुम्ही स्पिनलॉक धरून उभे आहात का, हे ते बघत नाही. ते तुम्हीच बघायचं.

यूस्लीप-रेंज दोन आकडे मागतं. किमान आकडा डेटाशीट देते, कमाल आपण ठरवायचा असतो. तिथे दोन्हीकडे 100 लिहिलेलं मी वारंवार पाहतो. मग कर्नलला हे जागं होणं शेजारच्या दुसऱ्या टायमरशी जुळवून घेता येत नाही. बॅटरीवरच्या यंत्रात प्रत्येक वेगळ्या जागरणाला चार्ज खर्च होतो.

वाचकांनी आपापल्या ड्रायव्हरमधल्या अशा ओळी आमच्याकडे पाठवाव्यात. कमाल आकडा कशावरून ठरवला, तेही सोबत लिहावं.