थंडगार अन्याय

खात्यात पैसे नसताना चेक फाडला आणि तो परत आला, तर 138 कलमाखाली शिक्षा आहे. चांगली बिअर बर्फ घालून नासवली, तर मात्र काहीही शिक्षा नाही. 2024 साली जुनं दंडविधान जाऊन नवी न्याय संहिता लागू झाली, तेव्हा मला थोडी आशा होती. पण तिथंही आमची निराशाच झाली.

ही तक्रार कुठल्या अधिकाराने करता, असं कुणी विचारील. अधिकार असा की, मी बी. कॉम. आहे, वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे, आणि कुठलीही अफरातफर पाहिली की मला रात्री झोप लागत नाही. या दिवाळीत माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, सहा बाटल्यांपैकी चार बाटल्यांची अफरातफर झाली.

माझा भाचा बेल्जियममध्ये लूव्हेनला शिकतो. येताना त्याने 'शिमे'च्या निळ्या लेबलाच्या सहा बाटल्या आणल्या. सहाच का? तर एक बाटली 330 मिलिलिटरची. सहांचे झाले 1980. विमानतळावर करमुक्त मद्याची मर्यादा दोन लिटर. पोरगं माझ्या वळणावर गेलंय.

"मामा, ही साधूंची बिअर आहे," तो म्हणाला. "फ्रान्सच्या हद्दीजवळ मठ आहे, तिथले ख्रिस्ती साधू 1862 पासून बिअर करतात. मठाचा खर्च भागून उरेल तो पैसा दानधर्माला."

आतल्या खोलीत आमच्या अण्णांनी यातला 'मठ' तेवढा ऐकला आणि "अन्नछत्र आहे का रे तिथे?" म्हणून विचारलं.

संध्याकाळी मेहुणे आले, दोन मित्रांसह. मेहुण्यांना बिअरमधलं एकच विशेषण ठाऊक आहे: 'चिल्ड'. मी कपडे बदलून येईपर्यंत त्यांनी चार बाटल्या फ्रीझरमध्ये आडव्या कोंबल्या होत्या. गप्पांत दोन तास गेले आणि आतून 'फट्' असा आवाज आला. एक बाटली हिच्या सोललेल्या मटारांवर शहीद झाली. उरलेल्या तीन त्यांनी गदागदा हलवल्या ("भाऊजी, खाली गाळ बसलाय हो!"), उंच स्टीलच्या पेल्यांत उपड्या केल्या, वर बर्फाचे खडे टाकले आणि दोन घोटांत निकाल दिला: "औषधासारखी लागते. आपली स्ट्राँगच बरी."

आता माझं म्हणणं ऐका. थिजलेल्या तुपाला वास येतो का? नाही येत. तेच तूप वाफाळत्या भातावर पडलं की शेजारच्या बिऱ्हाडाला कळतं. गार आमटी आपण पाहुण्याला वाढत नाही. वाढली तर पाहुण्याच्या गावी सात पिढ्या नाव निघेल. म्हणजे कुठला पदार्थ किती गरम, किती गार, याची अक्कल आपल्याला आहे. पण समोर बिअर आली की ती अक्कल आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

ही गडद, कडक बिअर दहा-बारा अंशांवर प्यायची असते. फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवली की झालं. बर्फाळ केली की जीभ बधिर होते आणि वास बाटलीतच राहतो. मग उरतो फक्त कडूपणा, आणि आपण म्हणतो, "औषध!" या जातीच्या पुष्कळ बिअरी काळ्या होतात त्या साखरेच्या गडद पाकाने, म्हणजे आपल्या काकवीची ती मावसबहीण. मनुका, अंजीर, लवंग असे वास यीस्टच्या करामतीने येतात. हे यीस्ट बाटलीतही जिवंत असतं, तोच तो 'गाळ'. म्हणून बाटली उभी ठेवायची, हळू ओतायची आणि शेवटचं बोटभर बाटलीतच सोडायचं. पेला पायाचा, रुंद तोंडाचा हवा. आपल्याकडे 'चषक' हा शब्द कॅरमच्या स्पर्धेतच उरला, वस्तू बेल्जियममध्ये आहे!

राहिला नशेचा हिशेब. नऊ टक्क्यांनी 330 मिलिलिटरात अल्कोहोल 29.7 मिलिलिटर. आपली पाच टक्क्यांची 650 ची मोठी बाटली घेतली तर 32.5. म्हणजे ही लहानखुरी बाटली मोठीच्या जवळपास जाते. एक पुरे! पण 'एक पुरे' हे वाक्य आपल्याकडे फक्त मुलांच्या बाबतीत म्हणायची चाल आहे.

खरं दुखणं निराळंच आहे. आपण पीत नाही, उरकतो. मी पहिली बिअर कॉलेजात असताना गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, जिन्यात पावलं वाजायच्या आत संपवली. चव? कुणाला आठवतेय! चोरून गटकायचं तर गारच बरं, घशाला कळत नाही. बेल्जियमने 1919 साली कॅफेंतून कडक दारूला बंदी केली. ती 1983 पर्यंत होती. लोक कडक बिअरकडे वळले. आपल्याकडे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि लोक हातभट्टीकडे वळले. त्यांनी बंदीतून चव काढली, आपण बंदीतून घाई काढली. आता परवाना खिशात आहे, पोरं मोठी झाली आहेत, तरी आमच्या मेहुण्यांचा एक कान अजून जिन्याकडेच असतो.

दुसऱ्या रविवारी भाच्याने आणि मी उरलेल्या दोनांतली एक उघडली. लग्नात आलेले पायवाले काचेचे आइस्क्रीमचे कप हिने कुरकुरत काढून दिले. ओतून होतंय तोच अण्णा बाहेर आले. अण्णांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत या पदार्थाला शिवलेलं नाही. मी सवयीने कप वर्तमानपत्रामागे सरकवला.

"लपवतोस काय? टाकीमागच्या बाटल्या मीच भंगारवाल्याला द्यायचो," अण्णा म्हणाले. मग त्यांनी कप उचलला, नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काकवी," ते म्हणाले. "आणि मनुका. आमच्या आजोळी गुऱ्हाळात आधण उतरवलं की पहाटे असाच वास यायचा."

कप तसाच खाली ठेवून ते खुर्चीत बसले आणि भाच्याला त्या गुऱ्हाळाविषयी तासभर सांगत राहिले. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. माझा कप तासभर पुरला.

शेवटची बाटली अण्णांच्या कपाटात, धोतरांमागे, उभी आहे. अशी बाटली काही वर्षं टिकते म्हणे. परवा मेहुण्यांचा फोन आला, "भाऊजी, त्या साधूंच्या एखाद-दोन उरल्यात का हो? नाही, फ्रीझर रिकामा आहे म्हणून विचारलं."

"शिल्लक निरंक," मी म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही पहिली खोटी नोंद.