आधी साखर, मग मन?

बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यात साखरेच्या पेशंटला एक सल्ला फुकट मिळतो : 'टेन्शन घेऊ नका, शुगर कंट्रोलला आली की सगळं बरं वाटतंय.' डॉक्टर देतात, मेडिकलवाला देतो, पाहुणे तर देतातच. सल्ला आपुलकीचा आहे. पण चुकीचा आहे.

त्यामागचं म्हणणं नीट मांडू. ज्याला जन्माचं दुखणं लागलं तो उदास होणारच. उदासी ही दुखण्याची सावली, दुखणं हटलं की तीही हटेल. बिनतोड वाटतं. पण सावली असती तर सगळ्यांवर सारखी पडली असती. ६० देशांतल्या पाहणीचे आकडे २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. दीर्घ आजार असलेल्यांपैकी ९.३ ते २३ टक्के लोकांना नैराश्य होतं. म्हणजे बहुतेकांना नव्हतं. शिवाय क्रम उलटाही असतो. नैराश्य असलेल्याला पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त, असं २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. दुखण्याच्या आधीच येऊन बसणारी ही सावली कसली?

घरात काय होतं ते बघा. चित्र ओळखीचं आहे. पन्नाशीची बाई, कार्डावर सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन. पहाटे तीनला उघडलेला डोळा पुन्हा लागत नाही. भाकरी थापू वाटंना, शेजारी जाऊन बसू वाटंना. सून विचारते, "आत्याबाई, गोळी घेतली का?" "घेती की नंतर." महिन्याने साखर तीनशेवर. डॉक्टर रागावतात, डोस वाढवतात. डोस वाढला कार्डावर, गोळ्या डब्यातच. नैराश्य असलेले पेशंट उपचार अर्धवट टाकण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते, हे २००० सालीच मांडलं गेलंय. तेव्हा 'आधी साखर, मग मन' हा क्रम मुळात चालणाराच नाही. मन बसलेलं असताना साखर उतरवायची कुणी?

एक गोष्ट मात्र मान्य. थकवा, झोप उडणं, भूक मरणं ही लक्षणं शरीराचीही असतात. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेऊन बी-१२ उतरलं असेल. ते तपासा. ते न बघता मनाच्या गोळ्या लिहून देणं हाही आळसच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'बीडच्या माणसाला नैराश्य नाही, कर्ज आहे. मुकादमाची उचल अंगावर, विहिरीला पाणी नाही, त्याला समुपदेशन काय करायचंय?' खरं आहे, गोळीने उचल फिटत नाही. पण पगारी माणूस उदास झाला तर तो आजारी, आणि ऊसतोड्या उदास झाला तर ती परिस्थिती, हा न्याय कुठला? गरिबाचा मलेरिया आपण गरिबी हटेपर्यंत थांबवून ठेवत नाही. सरकारलाही हे एकदा पटलं होतं. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प आला, बीड त्यात होतं. पण तो शेतकऱ्याच्या संकटाला जोडला गेला. साखर-बीपीच्या रांगेला नाही.

जोडलं तर काय होतं? दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, विशाखापट्टणममधल्या मधुमेहाच्या चार दवाखान्यांत नैराश्य असलेले ४०४ पेशंट घेऊन एका गटाला दोन्हींवर एकत्र उपचार, दुसऱ्याला नेहमीचे, असं करून पाहिलं. २०२० साली निकाल छापून आला. नैराश्य निम्म्याने उतरलं आणि साखर, बीपी वा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक तरी सुधारलं, असे पेशंट दोन वर्षांनी एकत्र उपचारात ७१.६ टक्के; नेहमीच्या उपचारात ५७.४. चमत्कार नाही, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा.

'ते मोठ्या शहरांतलं, आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कुठाय?' अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून उभं आहे, १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर २०२२ पासून चालू आहे. आणि दर वेळी तज्ज्ञ लागतोच असंही नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका घेतल्या आणि बऱ्यापैकी तीव्र नैराश्यही उतरलं. साखर बघायला बोट टोचतो, तेवढ्या वेळात दोन प्रश्न विचारता येतात : गेल्या पंधरवड्यात मन खिन्न राहिलं का? कशातच गोडी वाटेना असं झालं का? 'हो' आलं की पुढची विचारपूस.

बीडला एक गोष्ट वेगळी करावी लागेल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते कारखान्याला निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. या काळात इथलं कार्ड इथेच राहतं, आणि पेशंट सांगली-कोल्हापूरच्या फडात. टोळी निघायच्या आधी, गाडीत बिऱ्हाड भरायच्या आठवड्यात, हे दोन प्रश्न विचारावेत, निदान तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्याव्यात, आणि आशाताईंनी महिन्यातून दोनदा फोन करावा. त्या फोनचे पैसे आशाताईंच्या मानधनात वेगळे धरावेत. फुकटात एवढं काम त्यांच्यावर आणखी लादू नये.