रंग गेला, क्षार राहिले

नारळाची करवंटी, भाताचा तूस, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून तयार केलेला सक्रिय कार्बन पाण्यातील रंग काढून टाकतो, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसून आले आहे. मर्यादित हवेत भाजलेल्या करवंटीच्या कोळशावर सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफ सोडली की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कार्बनचे अंतर्गत पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या घरात जाते. रंगद्रव्याचे रेणू त्यावर चिकटून राहतात.

मात्र या यशातून एक घातक गैरसमज बळावू शकतो : पाणी नितळ झाले, म्हणजे ते सिंचनायोग्य झाले. तमिळनाडूतील तिरुप्पूरचा अनुभव याविरुद्ध सावध करतो. सुती कापडावर रंग चढावा म्हणून तेथील रंगकामात मीठ किंवा सोडियम सल्फेट मोठ्या प्रमाणात वापरले जाते. नोय्यल नदीवरील ओरत्तुपाळयम धरण सिंचनासाठी बांधले गेले. परंतु त्यात रंगकारखान्यांचे क्षारयुक्त सांडपाणी साठले आणि लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनाच ते पाणी नको झाले. अखेर २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्गाची अट न पाळणारे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

जमिनीची घडण बिघडवणारे हे क्षार सक्रिय कार्बन अडवत नाही. त्यासाठी आरओ आणि बाष्पीभवन यांची यंत्रणाच लागते. कार्बनचे स्थान तिच्या आधीच्या टप्प्यावर आहे. म्हणूनच असे पाणी पिकाला देण्यापूर्वी त्याची विद्युतवाहकता आणि सोडियमचे प्रमाण तपासणे अनिवार्य मानले पाहिजे. विद्युतवाहकता प्रति मीटर ३ डेसिसायमनपेक्षा अधिक असेल, तर ते पाणी बहुतेक पिकांना धोक्याचे असते, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो.

दुसरा धोका वापरून झालेल्या कार्बनचा. त्यात रंगद्रव्ये साठलेली असतात. त्याला बायोचार समजून शेतात पसरणे म्हणजे नदीतले प्रदूषण मातीत आणणे होय. त्याचे पुनरुज्जीवन वा सुरक्षित विल्हेवाट ही कारखान्याचीच जबाबदारी राहिली पाहिजे.

शेतकरी गटांसाठी यात खरी संधी आहे ती वाळवलेला, प्रतवारी केलेला कच्चा माल पुरवण्याची. विस्तार कार्यकर्त्यांनी या तंत्राचा प्रसार अवश्य करावा. पण त्यासोबत त्याची मर्यादाही सांगावी. रंग डोळ्यांना दिसतो, क्षार दिसत नाहीत. पिकाला मात्र तेच भोवतात.