चैन कशाला म्हणता?

दुर्बिणीच्या बाबतीत शहरातल्या जाणकारांनी खेड्यातल्या माणसाला द्यायचा एक सल्ला आता अगदी ठरून गेला आहे. तो असा : दुर्बीण मिळाली ना, मग पेटीत जी नेत्रिका आली असेल तिच्यावर भागवा, रुंद क्षेत्राच्या नेत्रिका ही हौशी श्रीमंतांची चैन आहे, त्यांच्या नादी लागू नका. हा सल्ला देणारी माणसे सज्जन असतात, अनुभवी असतात, आणि आमचे चार पैसे वाचावेत एवढाच त्यांचा हेतू असतो. म्हणूनच तो अधिक घातक आहे. लबाड माणसाचा सल्ला आपण पारखून घेतो. भल्या माणसाचा तसाच गिळतो. मी नाकाडोंगरीत बसून हा सल्ला साफ नाकारतो, आणि का नाकारतो ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

नेत्रिका म्हणजे दुर्बिणीचे डोळा लावायचे टोक. बाजारात तिला आयपीस म्हणतात. दुर्बिणीचा आरसा किंवा पुढचे भिंग प्रकाश गोळा करून एक इवलीशी प्रतिमा तयार करते. ती मोठी करून डोळ्यापुढे धरण्याचे काम नेत्रिकेचे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसणार हे कळते. हा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा की, डोळा लावल्यावर जे प्रकाशाचे वर्तुळ दिसते ते केवढे? साध्या प्लोसल जातीच्या नेत्रिकेत ते सुमारे ५० अंशांचे असते. हाइनरिख एर्फ्ल याने १९१७ च्या सुमारास सैन्याच्या दुर्बिणींसाठी ते साठीच्या पुढे नेले. चांद्रयानाच्या सराव-यंत्रांसाठी भिंगे आखणारा अमेरिकन तंत्रज्ञ अल् नॅग्लर याने १९८० च्या सुमारास ८२ अंशांची नेत्रिका बाजारात आणली, आणि त्याच्याच कंपनीने २००७ साली १०० अंशांचा पल्ला गाठला. झरोक्यातून अंगणात पाहणे आणि दार उघडून अंगणात पाहणे यांत जो फरक, तोच ५० आणि ८२ अंशांत.

आता चैनीचा प्रश्न. ज्याच्या दुर्बिणीला मोटर आहे, तिच्यातला ग्रह तासन् तास वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो. अशा माणसाला भोवतालच्या मोकळ्या जागेची गरज नसते. त्याने ती विकत घेतली तर ती चैन, हे कबूल. आणि तो एकटाच पाहत असतो, हेही लक्षात घ्यावे. खेड्यातली दुर्बीण याच्या अगदी उलट. ती प्लायवुडच्या बैठकीवर हाताने ढकलायची असते. डॉब्सनची बैठक म्हणतात तशी. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवीत असे; १९६८ साली त्याच्या भोवती पदपथावरच्या खगोलप्रेमींचे एक मंडळच उभे राहिले. त्याची बैठक आम्ही घेतली, पण त्या बैठकीपुढे रांग उभी असते हे मात्र विसरलो.

रांगेचा हिशेब मांडून पाहा. आमच्याकडच्यासारखी सहा इंची आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घ्या. तिला ९ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १३३ पट दिसते. शनीची कडी दाखवायला हे पुरेसे आहे. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा ग्रह दर मिनिटाला पाव अंश सरकतो. ग्रह वर्तुळाच्या एका काठावर आणून सोडला, तर ५० अंशांच्या नेत्रिकेत तो दीड मिनिटात दुसऱ्या काठाने निघून जातो. ६६ अंशांच्या नेत्रिकेत त्याला दोन मिनिटे लागतात, ८२ अंशांच्या नेत्रिकेत जवळजवळ अडीच. पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला डोळा कुठे ठेवायचा हे कळायलाच निम्मा वेळ जातो. प्रत्येकाला अर्धे मिनिट धरा. म्हणजे एका मांडणीत पहिल्या नेत्रिकेतून तीन मुले पाहतात, दुसरीतून चार, तिसरीतून पाच. चाळीस मुलांच्या रांगेसाठी पहिलीत चौदा वेळा, दुसरीत दहा वेळा आणि तिसरीत आठ वेळा दुर्बीण नव्याने रोखावी लागते. दर खेपेला अंधारात शोध, धक्का, थरथर आणि खोळंबा.

ज्यांनी ही रांग कधी सांभाळली नाही, त्यांना ही आकडेमोड क्षुल्लक वाटेल. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा नाटक रंगते. त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात दुर्बीण मांडली तर रांगेला अंत नसतो. आणि अकरा-बारा वर्षांचे पोर डोळा लावून क्षणभराने तोंड वर करून म्हणते, “सर, पळाला न जी शनी!” तोवर मागचे पोर पुढे सरकलेले असते. ज्याने रिकामे काळे वर्तुळ पाहिले, तो लाजेने “दिसला” म्हणतो आणि निघून जातो. अशी किती पोरे न पाहताच “दिसला” म्हणून गेली, याची नोंद कोणत्याही मंडळाच्या अहवालात नसते. चैन म्हणता ती हीच का?

दुसरी गोष्ट. खेड्यातल्या माणसाला आकाश नवे नाही. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर, हे त्याने अंगणात निजून पाहिलेले असते. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानावर मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला आहे, तो अवश्य पाहावा. हे ज्ञान ताऱ्यांच्या शेजाराचे ज्ञान आहे. कोण कोणाच्या बाजूला बसले आहे, यावर ते उभे आहे. अशा माणसाला अरुंद नळीतून एक तारा वेगळा काढून दाखवणे म्हणजे भर मंडईतून एका माणसाला उचलून कोठडीत भेटवणे. कृत्तिकांचे ठळक तारे सुमारे एक अंशात पसरलेले आहेत. आमच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची प्लोसल लावली की नेमके एक अंशाचेच आकाश दिसते. तारे काठाला टेकतात आणि पुंजका पुंजकाच वाटत नाही. भोवती थोडे काळे आकाश असेल तरच त्या एकत्र बसलेल्या बहिणी दिसतात.

तिसरी गोष्ट आमच्या जागेची. तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले हे गाव साडेएकवीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ लंडनच्या क्षितिजावर कधीच येत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे तो वीस अंश वर चढतो. वृश्चिकाच्या नांगीजवळचा टॉलेमीचा गुच्छ तिथे क्षितिजाला जेमतेम चिकटतो. आमच्याकडे तो तेहतीस अंशांवर असतो, आणि त्याचा पसारा सव्वा अंशाहून मोठा आहे. नेत्रिका निवडण्याची इंग्रजी पुस्तके त्या आकाशासाठी लिहिलेली आहेत. ती वाचून आमच्यासाठी नियम ठरवणे म्हणजे पंजाबातला गहू पाहून आमच्या धानाच्या बांधीचे पाणी ठरवण्यासारखे आहे.

इतके म्हटल्यावर दुसऱ्या टोकाचे लोक खूष होतील. त्यांनाही सोडण्याचा माझा विचार नाही. अंशांची पूजा करणारा एक पंथ आहे. ८२ पेक्षा १०० थोर, आणि १०० अंशांची नेत्रिका नसेल तर तुम्ही आकाश पाहिलेच नाही, असे तो मानतो. अशा नामांकित नेत्रिकेची किंमत अर्ध्या लाखाच्या पुढे जाते. तेवढ्यात एक बरी दुर्बीण येते. शिवाय छापलेले अंश आणि कामाचे अंश यांत फरक असतो. दुर्बिणीचे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट असेल, तर स्वस्त रुंद नेत्रिकाही काठापर्यंत बऱ्यापैकी तारा दाखवते. तेच पाचपट असेल तर काठाचे तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसू लागतात. मग रांगेतल्या शेवटच्या मुलाला शनीऐवजी फाटका ठिपका दिसतो, आणि रुंदीचा सगळा फायदा पाण्यात जातो. परीक्षा सोपी आहे. ठळक तारा मध्यभागी नीट रोखा, मग काठावर न्या. स्क्रू थोडा फिरवल्यावर तो पुन्हा नेमका होत असेल, तर दोष क्षेत्राच्या वक्रतेचा, आणि तो चालवून घेता येतो. होत नसेल तर नेत्रिका परत करावी. मात्र बाहेरच्या बाजूला शेपूट फुटलेला तारा दिसला, तर तो आरशाचा स्वभाव आहे. त्याचे खापर नेत्रिकेवर फोडू नये.

रुंदीच्या नादात आणखी एक फसवणूक होते. सव्वा इंची नळीत बसणाऱ्या नेत्रिकेच्या आतली कडी २७ मिलिमीटरपेक्षा फारशी मोठी असूच शकत नाही. म्हणून ३२ मिलिमीटरची साधी प्लोसल आणि २४ मिलिमीटरची ६८ अंशांची भारी नेत्रिका आकाशाचा तुकडा एकाच मापाचा दाखवतात. आमच्या दुर्बिणीत सुमारे १.३ अंशांचा. दुसरीत तो मोठा आणि काळ्या पार्श्वभूमीवर दिसतो, एवढेच. त्यासाठी अनेकपट पैसे मोजायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण “आकाश जास्त दिसते” या समजुतीने मोजू नयेत.

आणि पाऊस! वर्षाचे चार महिने आमच्याकडे भिंतींना ओल असते. हिवाळ्यात तलावांवरून धुके उतरते. नेत्रिकेत जितकी भिंगे अधिक, तितक्या बुरशीला शिरायला जागा अधिक. सात-आठ भिंगांची बंद नेत्रिका आतून बुरसली तर ती गावात कोणाला उघडता येणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, त्या वेळोवेळी वाळवून, नेत्रिका जपण्याची शिस्त नसेल, तर भारी नेत्रिका घेऊच नये.

तिसरा वर्ग पेटीवर “५२५ पट” छापून विकणाऱ्यांचा. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण शाळांची खरेदी करणाऱ्यांशी आहे. सर्वांत कमी दराचे पत्र आणि सर्वांत मोठा पटीचा आकडा, या दोन पायांवर चालणारी खरेदी मी पाहिली आहे. जिल्ह्यातल्या एका शाळेत तशी आलेली दुर्बीण कपाटावर पडून आहे. तिच्या ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे. पापणी भिंगाला टेकल्याशिवाय काही दिसत नाही. ज्याच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्याने चष्मा काढला तर तारा रेघ होतो आणि ठेवला तर वर्तुळ आक्रसते. त्याला काय दिसणार? रुंद नेत्रिकांपैकी पुष्कळांत डोळा पंधरा मिलिमीटरपर्यंत दूर ठेवता येतो, हा त्यांचा गुण रुंदीइतकाच मोलाचा आहे.

मग घ्यावे काय? माझे मत स्पष्ट आहे. आठपटीची, हाताने ढकलायची दुर्बीण असेल तर दोनच नेत्रिका पुरतात. विस्तारासाठी ३२ मिलिमीटरची साधी प्लोसल; ग्रहांसाठी आणि रांगेसाठी ९ मिलिमीटरच्या आसपासची, ६६ अंशांची. तिची किंमत साध्या नेत्रिकेहून थोडीच अधिक असते, आणि चौदाच्या दहा मांडण्या होतात. गावाने वर्गणी काढून ८२ अंशांची घेतली तर उत्तमच. ती दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळू शकते. लांबी बदलणारी झूम नेत्रिका मात्र घेऊ नये. नेमक्या कमी पटीला, जिथे रुंदी हवी तिथे, तिचे वर्तुळ बहुधा चाळीस अंशांवर येते.

पण खरी अडचण निवडीची नाही, डोळा लावून पाहण्याची आहे. नाकाडोंगरीच्या माणसाने नेत्रिका कुठे पारखायची? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, नागपुरात विज्ञान केंद्र आहे. शहरातल्या हौशी निरीक्षकाजवळ सहा-सात नेत्रिका असतात, आणि वापरात दोन. बाकीच्या फोमच्या खाचांत निजलेल्या असतात. महाराष्ट्राने फिरते वाचनालय चालवून दाखवले. फिरती नेत्रिकापेटी का चालवू नये? एकेका तालुक्याला महिनाभर पेटी द्या, एका शिक्षकाची सही घ्या, आणि गावाला स्वतः ठरवू द्या. असे करण्याऐवजी “तुम्हाला साधीच पुरे” म्हणणे सोपे आहे. त्यात काही द्यावे लागत नाही.

आमच्या शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. तिथल्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग कोरड्या विद्युतघटांसाठी होतो. म्हणजे शहरातल्या निरीक्षकाने नकाशा वाचायला पेटवलेल्या बॅटरीत कधी आमच्या डोंगराचा चुराही असेल. ज्यांच्या मातीने दुसऱ्यांना उजेड पुरवला, त्यांच्या पोरांना आकाश पाहताना किती अंश परवडतील हे त्या उजेडात बसून कोणी ठरवू नये. रांगेतल्या चाळिसाव्या मुलाला शनी मध्यभागी, स्वच्छ आणि अर्धे मिनिटभर दिसला पाहिजे. त्यासाठी लागेल तेवढी रुंदी ही गरज आहे. त्यापुढची चैन ज्याची त्याने खुशाल करावी.