गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला कुलूप नको

शेतीविषयक सूचना शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी आज बहुतेक ग्रामकार्यकर्त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट स्थापन केले आहेत. आपल्या गटात किती शेतकरी सामील झाले, हे ते अभिमानाने सांगतात. त्या गटावर गेल्या महिन्यात किती शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले, असे त्यांना विचारले म्हणजे मात्र बहुधा उत्तर मिळत नाही. कित्येक गटांत तर प्रश्न विचारण्याची सोयच ठेवलेली नसते. गटावर केवळ चालकाने म्हणजे 'अ‍ॅडमिन'ने लिहावे, इतरांनी वाचावे, अशी व्यवस्था २०१८ सालापासून उपलब्ध आहे आणि तिचा वापर आपल्याकडे फार सढळ हाताने होतो.

याचे कारण उघड आहे. सकाळचे शुभसंदेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढाऱ्यांची छायाचित्रे यांच्या गर्दीत हवामानाची सूचना हरवते आणि त्रासलेला कार्यकर्ता अखेर गटाला कुलूप लावतो. त्रास खरा आहे, परंतु उपाय चुकीचा आहे. कुलूप लावलेला गट म्हणजे दवंडी होय. दवंडीने बातमी कळते, पण दवंडी पिटणाऱ्याला आपल्या शेतातील रोगट पान दाखविता येत नाही. कृषिविस्ताराचे काम चावडीवरच्या बैठकीसारखे असावे लागते. तेथे बोलणे दोन्ही बाजूंनी होते. तशी बैठक मोबाइलवर भरवावयाची, तर त्यातील चार-पाच साध्या सोयी शेतकऱ्यांनी शिकून घेतल्या पाहिजेत आणि त्या शिकविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. एका गटावर पावसाळ्यात दोन शेतकऱ्यांनी थोड्या वेळाच्या अंतराने तणाची छायाचित्रे पाठविली. पहिल्याचे शेत मक्याचे होते, दुसऱ्याचे कपाशीचे. रुंद पानांच्या तणासाठी मक्यात '२,४-डी' हे तणनाशक वापरता येते. कार्यकर्त्याने मक्याचा विचार करून तेवढेच उत्तर लिहिले. ते गटावर सर्वांत खाली, म्हणजे कपाशीच्या छायाचित्राखाली उमटले. कपाशीवाल्याने ते आपल्यासाठी आहे असे समजून फवारणी केली. कपाशी या औषधाला अत्यंत हळवी असते. शेजारच्या शेतातून वाऱ्याने उडून आलेल्या तुषारांनी किंवा पंपात राहून गेलेल्या अंशानेही तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरतात, मग प्रत्यक्ष फवारणीने काय झाले असेल ते सांगावयास नको. त्या शेतकऱ्याचा हंगाम गेला. कार्यकर्त्याचे ज्ञान अपुरे नव्हते आणि शेतकऱ्यानेही निष्काळजीपणा केला नव्हता. उत्तर प्रश्नाला बांधलेले नव्हते, एवढेच.

ते बांधण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. ज्या संदेशाला उत्तर द्यावयाचे, त्यावर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवावा. तो प्रश्न आपल्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतो व उत्तर कोणाला दिले आहे याविषयी शंका राहत नाही. शिवाय उत्तरात पिकाचे नाव अवश्य लिहावे. कार्यकर्त्याने ही सवय प्रथम स्वतःला लावून घ्यावी. शेतकरी पाहून शिकतील.

प्रश्न विचारणेही शिकावे लागते. "साहेब, औषध सांगा" एवढ्या मजकुरासह अंधुक छायाचित्र आले तर कोणीही तज्ज्ञ काय सांगणार? छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. एक संपूर्ण झाडाचे, एक पानाच्या वरच्या बाजूचे आणि एक खालच्या बाजूचे असावे, कारण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या किडी बहुधा पानाखाली दडतात. किडीशेजारी आगकाडी ठेवली म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना छायाचित्राची स्पष्टता कमी होते. म्हणून पाठविण्यापूर्वी 'एचडी' ही खूण दाबावी. सोबत पिकाचे नाव, वाण, पेरणीची तारीख आणि आजवर काय फवारले ते लिहावे. फवारलेले औषध सांगण्यास पुष्कळजण संकोचतात. तसा संकोच करू नये.

ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी ध्वनिसंदेश पाठवावा. मायक्रोफोनच्या चित्रावर बोट दाबून धरावे, बोलावे व बोट सोडावे. शेतात राबणाऱ्या अनेक भगिनींना ही सोय फार उपयोगी पडते. त्यांचा प्रश्न आजवर घरातील मुलाच्या सवडीवर अवलंबून असे. उत्तर मात्र ध्वनीने देऊ नये, निदान औषधाचे प्रमाण तरी लिहूनच द्यावे. दहा की वीस, हे कानाने ऐकून पंप भरणे धोक्याचे आहे, आणि लिहिलेला मजकूर पुढे भिंगाच्या खुणेने शोधूनही काढता येतो.

आता पुढे ढकललेल्या संदेशांविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळी मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात पुढे पाठविलेल्या संदेशावर बाणाची खूण दिसू लागली. एक बाण असेल तर मजकूर पाठविणाऱ्याचा स्वतःचा नाही असे समजावे. दोन बाण असतील तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे. असा मजकूर २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. औषधाचा सल्ला दोन बाणांसह आला, तर तो कोणत्या पिकासाठी, कोणत्या जिल्ह्यातील व कोणत्या वर्षीचा आहे हे कळण्यास मार्ग नसतो. कपाशीची गोष्ट येथेही लागू पडते. 'एपीके' या अक्षरांनी संपणारी फाइल तर, ती कोणत्याही योजनेच्या नावाने येवो, उघडूच नये. बँक खाते रिकामे करणारे लोक हाच मार्ग वापरतात.

राहिला गर्दीचा प्रश्न. सूचनांसाठी एक कुलूपबंद गट ठेवण्यास हरकत नाही, परंतु प्रश्नांचा गट निराळा व खुला असावा. महत्त्वाची सूचना 'पिन' केली म्हणजे ती सात किंवा तीस दिवस वर टिकते. शुभसंदेश पाठविणाऱ्यास गटावर न बोलता वेगळा फोन करावा, तो बहुधा ऐकतो. पेरणीपूर्व बैठकीत अर्धा तास याच कामासाठी राखून ठेवावा आणि जमलेल्या प्रत्येकाकडून, विशेषतः मागे बसणाऱ्यांकडून, एक प्रश्न छायाचित्रासह तेथल्या तेथे पाठवून घ्यावा.